हातगुणाचा रकाना

नोकरीत असताना कुणी ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं, की मी ‘कंपनीत असते’ एवढंच सांगून विषय बदलायची. खरं उत्तर ‘रेव्हेन्यू ऑपरेशन्स’ असं होतं, आणि ते ऐकलं की आमच्या बिदर-कलबुर्गीकडचा माणूस लगेच विचारतो, ‘म्हंजे तहसीलला व्हय?’ एका लग्नात तर एक पाहुणे जेवण अर्धवट सोडून माझ्या मागं लागले. त्यांच्या जमिनीची पहाणी, म्हणजे तुमचा सातबारा, कुठं अडकली होती, ती मी सोडवून द्यावी म्हणून. तहसीलशी माझा काही संबंध नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मॅडमला काम करायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

तर आता निवृत्त झाल्यावर एकदा नीट सांगून टाकते.

आमची कंपनी शेतीची छोटी यंत्रं बनवते. फवारणीचे पंप, तूर कापायची यंत्रं, कोळपणीची यंत्रं. मुख्य कचेरी पुण्याला, आणि आमच्या दोन जिल्ह्यांसाठी हुमनाबादला एक शाखा, तिला जोडूनच दुरुस्तीचं सेंटर. कुठल्याही कंपनीत तीन चुली असतात. पहिली गिऱ्हाईक शोधणाऱ्यांची, म्हणजे मार्केटिंगची. दुसरी विकणाऱ्यांची. तिसरी विकून झाल्यावर निस्तरणाऱ्यांची, म्हणजे सर्व्हिसची. या तिन्ही चुलींचं आपसात पटत नाही, आणि प्रत्येकीला वाटतं की घर आपल्याच जिवावर चाललंय. तिघींकडची माहिती एका ठिकाणी आणायची, तिच्यातलं खरं-खोटं निवडायचं आणि पुढच्या तिमाहीत काय होईल ते पुण्याला सांगायचं, हे माझं काम. तीन जावांचं बोलणं बंद असलेल्या घरात निरोप पोचवणाऱ्या नणंदेसारखं. नणंद तिन्हीकडून बोलणी खाते आणि स्वयंपाकाचं श्रेय तिला कधीच मिळत नाही.

विक्रीची पोरं मला चिडवायची, ‘अक्का, तुमी जल्मात एक तरी मशीन इकलात काय?’ नव्हतं विकलं. खरंच एकही नाही. मी हसून सोडून द्यायची, पण ते बोचायचं हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात अवघड ते काय? एकच उदाहरण देते. मी एका बैठकीत साधा प्रश्न विचारला होता, की आपली गिऱ्हाइकं किती? तिघांनी तीन आकडे सांगितले आणि तिघंही शपथेवर सांगत होते. विक्रीवाल्यांचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या नावानं बिल फाडलं तो. सर्व्हिसवाल्यांचं म्हणजे ज्याचं यंत्र बंद पडलं तो. मार्केटिंगवाल्यांचा आकडा सगळ्यांत मोठा, कारण ज्यानं कुठंतरी आपला फोन नंबर लिहून दिला तो त्यांचं गिऱ्हाईक. त्यांनी एकदा कडगंचीला विद्यापीठाच्या रस्त्यावर मंडप टाकला होता. नंबर देणाऱ्याला कंपनीची टोपी फुकट. उन्हाचे दिवस, पोरांनी रांग लावली. पुढचा महिनाभर आमचा बसवराज त्या नंबरांवर फोन करत बसला होता. ‘कोळपणी यंत्र घेनार काय?’ म्हणून विचारलं की पलीकडून उत्तर यायचं, ‘सर, मी इतिहासात एमए करायलोय. टोपी मात्र चांगली हाय.’

हा बसवराज आमचा विक्रीतला जुना गडी. आम्ही त्याला बसूअण्णा म्हणायचो. घरी कन्नड, दुकानदाराशी दखनी, माझ्याशी मराठी, आणि पुण्याच्या साहेबांशी हसणं. कुठं विक्री होईल याचा अंदाज सॉफ्टवेअरमध्ये भरायचा, हे त्याचं काम होतं आणि ते त्याच्याकडून करून घेणं हे माझं. शेतकरी ‘बघू’ म्हणाला की पुण्याचं सॉफ्टवेअर त्याला निम्मी शक्यता धरायचं. बसूअण्णा कपाळाला हात लावायचा. दुबलगुंडीला मी एकदा त्याच्याबरोबर फिरले तेव्हा त्यानं मला शिकवलं.

‘अक्का, बघू म्हनला की न्हाई म्हनला. च्या पिऊन जावा म्हनला तरी न्हाईच. घरात इचारतो म्हनला तर अजून जीव हाय. आनि तुमचं मशीन लई म्हाग, तुमी लुटायलाव, असं म्हनून भांडाया लागला की समजायचं, घेतोय.’

मी त्या दिवशी कधी नव्हे ते पुण्याला पत्र लिहून ‘गिऱ्हाईक भांडले’ असा एक पर्याय सॉफ्टवेअरमध्ये घालायला सांगितला. त्यांना विनोद वाटला. पर्याय काही आला नाही, पण मी माझ्यापुरता तो धरायला लागले आणि आमच्या शाखेचे अंदाज बरे यायला लागले.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले तिच्याकडे येते.

निवृत्तीला थोडा अवकाश असताना कंपनीनं नवं सॉफ्टवेअर आणलं. हे स्वतः शिकतं, स्वतः ठरवतं, असं सांगण्यात आलं. ते बसवणाऱ्यांत ऋजुता नावाची मुलगी होती. पुण्यात वाढलेली, हुशार, आणि फोनवर माझं म्हणणं पुरतं ऐकून घेणारी, जे दुर्मिळ. सॉफ्टवेअरचं पहिलं काम साफसफाईचं होतं. एकच माणूस दोनदा-तीनदा नोंदला गेला असेल तर एक नोंद ठेवायची, बाकीच्या काढायच्या. योग्यच होतं. असली दुहेरी नावं म्हणजे आमच्या धंद्यातलं गाजरगवत, कितीही उपटा, परत येतंच.

दिवाळीनंतर पुण्याहून अहवाल आला आणि माझा चहा गार झाला. आमच्या दोन जिल्ह्यांतली गिऱ्हाइकं कमालीची घटलेली दिसत होती. उरलेल्यांवर दुरुस्तीचा खर्च अवाच्या सवा. शिफारस सरळ होती: हुमनाबादचं सेंटर बंद करावं, काम सोलापूरला हलवावं. खाली ‘त्रासदायक गिऱ्हाइकं’ अशी एक यादी होती. एकाच यंत्रासाठी पुन्हा पुन्हा तक्रार करणाऱ्यांची. या लोकांची मोफत दुरुस्ती सॉफ्टवेअरनं आपण होऊन थांबवली होती. यादीत पहिलं नाव होतं सोजरबाई बिरादार, संतपूर.

संतपूर माझं गाव. औराद तालुक्यातलं, सोयाबीन-ज्वारी-तुरीचं. सोजरमावशीला मी लहानपणापासून ओळखते. तिच्या हातगुणाची ख्याती होती. पूर्वी पेरणीला तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायला, म्हणजे बी सोडायला, अख्खं गाव तिला बोलवायचं. तिच्या हातनं पडलेलं बी फसत नाही म्हणायचे. माझी आजीही त्याच रानांत राबली. खुरपायला, काढायला, मळायला आजी चालायची. पेरणीची पहिली मूठ मात्र गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या बायकांच्या हातून नको असायची. पेरणीच्या दिवशी आजी बांधाच्या बाजूला बसून राहायची, हे मी स्वतः पाहिलंय. पुढं वडील मास्तर झाले. बाबासाहेबांच्या वाटेनं घरात पुस्तकं आली, आम्ही बिदरला राहायला गेलो. हातगुण, पायगुण हे शब्द आमच्या घरात निषिद्ध झाले. कारणही तसंच होतं. ज्याच्या हाताला गुण असतो असं म्हणतात, तेव्हा कुणाच्या तरी हाताला दोष असतो असंही म्हणून ठेवलेलं असतं.

मी दुरुस्ती सेंटरमध्ये याकूबमियांकडे गेले. सेंटर म्हणजे मुख्यतः याकूबमियाच. हुमनाबादचेच, बायको तिथल्याच उर्दू शाळेत शिक्षिका. सेंटर सोलापूरला गेलं तर आपण जाणार नाही, नोकरी सोडू, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. आणि मग औरादच्या शेतकऱ्यानं पंप बिघडला तर काय करायचं? दिवस मोडून सोलापूरला जायचं.

‘सोजरबाईकडं एवढ्या खेपा कशासाठी?’ मी विचारलं.

‘एक के वास्ते नई अक्का,’ ते हातातला कार्बोरेटर खाली न ठेवता म्हणाले. ‘पूरे गाँव के पंप उनके नाम पे हैं.’

मी बसूअण्णाला बोलावलं. त्यानं शांतपणे सांगितलं, ‘व्हय. संतपूरला जो त्यो मशीन मावशीच्या हातनंच घेतोय. बिलावर नाव तिचं, फोन नंबर तिचा. हातगुन चांगला हाय म्हनून.’

‘मग कामून सांगितला न्हाईस इतके दिवस?’ मीही रागानं गावाकडच्या बोलीवर आले.

‘कुनी इचारलंच न्हाई की. बिल कुनाच्या नावानं फाडायचं ते गिऱ्हाईक सांगतंय, आमी फाडतोय.’

म्हणजे झालं असं होतं: सॉफ्टवेअरला एकच नाव, एकच फोन नंबर, एकच गाव पुन्हा पुन्हा दिसलं. त्यानं ती एकच बाई धरली आणि बाकीच्या नोंदी पुसल्या. यंत्रं पुसली गेली, पण त्यांची दुरुस्ती कशी पुसणार? ती सगळी त्या एका बाईच्या एका पंपाच्या खात्यात जमा झाली. एका पंपासाठी सारखी तक्रार करणारी बाई, म्हणून मावशी त्रासदायक ठरली. आसपासच्या गावांतही थोड्याफार फरकानं हेच होतं. आणि या भानगडीत ऐन फुलोऱ्यातली तूर अळीच्या तोंडी होती आणि पंप बंद पडले तर दुरुस्तीची परवानगी नव्हती.

‘मग तुम्ही काय करताय?’ मी याकूबमियांना विचारलं.

‘करना क्या? सुट्टी के दिन अपनी गाडी पे जाके सुधारतूं. तूर फूल में है अक्का, वो क्या परमिशन के वास्ते ठैरती?’

मला त्यांचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. कारण ते परवानगीवाचून जे करत होते त्याची नोंद कुठंच होत नव्हती. जितकं ते मन लावून काम करत होते, तितकं सेंटर कागदावर रिकामं दिसत होतं. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी अडचण आहे, कुठल्याही कंपनीत जा. चांगली माणसं अडलेलं काम हातानं पुढं रेटतात, आणि पडद्यावर मात्र काहीच घडलेलं दिसत नाही.

मी पुण्याला फोन केला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सुजाताताई, हातगुण वगैरे ठीक आहे, पण मला हा दुकानदारांचा खेळ वाटतो. यंत्रं एका बाईच्या नावावर दाखवायची आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकायची. असं आपण पूर्वीही पाहिलंय.’ त्यांचंही चूक नव्हतं, असे प्रकार होतात. शेवटी ठरलं की ऋजुता स्वतः येऊन बघेल. यंत्रं खरंच गावात आहेत हे तिनं डोळ्यांनी पाहिलं तर फेरविचार. नाहीतर तिमाही संपली की सेंटरला कुलूप.

ऋजुतानं तारीख कळवली आणि मी डोक्याला हात लावला. तिनं नेमका येळवसेचा दिवस निवडला होता. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळी माणसं आपापल्या रानात. तिथं कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, पूजा करायची, आणि सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे येईल त्याला खाऊ घालायचे. आमच्या घरातून पूजा सुटली, भज्जी काही सुटली नाही. पुण्याच्या कॅलेंडरात मात्र ही सुट्टी नाही. तिकीट बदलायला सांगावं तर साहेबांना वाटणार, यांना काहीतरी लपवायचंय. मी ‘ये’ म्हणून कळवलं.

ती सकाळी हुमनाबादला उतरली. सेंटर बंद. तिनं यादीतल्या गिऱ्हाइकांना एकामागून एक फोन लावून पाहिले, कुणीही उचलला नाही. तिचा चेहरा उतरला. ‘मॅडम, मला वाईट वाटतं,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘पण इथं खरंच कुणी नाहीये.’

‘कुणी नाही कसं? सगळे जेवायला बसलेत,’ मी म्हटलं. ‘चल.’

संतपूरच्या शिवारात आम्ही पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. सोजरमावशीच्या रानात जत्रा भरली होती. मावशी आता थकलीय, पण आवाज तसाच. मला बघून म्हणाली, ‘मास्तरची सुजाता व्हय? कंपनीवालीनं माझा पंप बंद केलाय म्हनं. ती कोन टवळी हाय?’

ऋजुता माझ्या मागं होती. ती पुढं आली आणि म्हणाली, ‘मीच, आजी.’

मावशीनं तिला वर-खाली बघितलं. ‘एवढुशी तर हाय,’ ती म्हणाली. ‘बस. आदी खा. भांडान मागनं करू.’

भज्जी खाता खाता ऋजुतानं विचारायला सुरुवात केली. शेजारच्या रानातला एकजण म्हणाला, माझा पंप मावशीच्या हातचा. दुसरा म्हणाला, माझं कापायचं यंत्र. एक तेलुगू बोलणारी बाई आंध्राकडून लग्न होऊन आलेली, तीही म्हणाली, माझंही. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण बघता बघता लोक उठून आपापल्या रानात गेले आणि यंत्रं घेऊन आले. कुणी खांद्यावर, कुणी बैलगाडीत. येळवसेच्या दिवशी मावशीच्या बांधावर आमच्या कंपनीचं प्रदर्शनच मांडलं गेलं. ऋजुता फोटो काढत होती, नंबर टिपत होती. यंत्रं पुसलेल्या नोंदींशी बरोबर जुळत होती. ती माझ्याकडं वळली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते. ‘मॅडम, ही सगळी माणसं मी डिलीट केली होती,’ ती म्हणाली.

मला वाटलं, जिंकलो. पण खरी अडचण पुढंच होती. ऋजुतानं लोकांना समजावलं, की आता प्रत्येकानं यंत्र आपापल्या नावावर करून घ्यायचं, नंबर आपला द्यायचा, म्हणजे परत घोळ होणार नाही. कुणी तयार होईना. ‘नाव बदलून कसं चालंल?’ एकजण म्हणाला. ‘मावशीच्या हातचं हाय म्हनून तर चालायलंय. आमच्या भावानं सोताच्या नावानं घेतलं, आठ दिसांत बसलं.’ दुसरा म्हणाला, ‘सेंटर ऱ्हाऊ द्या न्हाईतर जाऊ द्या, नाव न्हाई बदलायचं.’

माझं डोकं सणकलं. आमचं आयुष्य या असल्या समजुतींशी भांडण्यात गेलं, आणि आता एका मेकॅनिकची नोकरी त्यावर अडकावी? मी मावशीवरच घसरले. ‘मावशी, तूच सांग यांना. हाताला काय गुण असतोय?’

मावशीला राग आला नाही. ‘हाताला कशाचा गुन आलाय?’ ती उंडा मोडत म्हणाली. ‘मी काय मंतर मारायलेय व्हय? ही पोरं दुकानात जात्यात, दुकानदार देईल ते मुकाट घेऊन येत्यात. मी जाते, चार यंत्रं काढायला लावते, माझ्या म्होरं चालू करून दाव म्हनते, मगच घेते. बिगडलं तर मिस्त्री येईस्तोवर फोन लावत बसते. ह्यांच्यात हाय का कुनात एवढा दम? त्यालाच ही हातगुन म्हनायलीत. म्हनू द्या.’

गिऱ्हाईक शोधायचं, यंत्र पारखून द्यायचं, आणि बिघडलं तर शेवटपर्यंत पाठपुरावा करायचा. आमच्या तिन्ही चुली ही बाई एकटी पेटवत होती, तेही बिनपगारी. आणि लोकांनी त्याला आपल्या भाषेत नाव दिलं होतं.

परतीच्या वाटेवर ऋजुता टिपलेले नंबर परत परत चाळत होती. मग म्हणाली, ‘मॅडम, आपण एक रकाना वाढवू. यंत्र कुणाचं, हा एक. आणि हात कुणाचा, हा दुसरा. बिल ज्याचं त्याच्या नावानं, पण त्यावर मावशींचं नाव छापायचं. मग देतील ना लोक आपलं नाव?’

‘कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अंधश्रद्धेला रकाना?’ मी म्हटलं. ‘मी नाही सही करणार.’

‘पण मावशी काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? लोक कुणाच्या भरवशावर घेतात, एवढंच तर विचारतोय आपण. हे आधी कळलं असतं तर माझ्याकडून एवढी माणसं पुसली गेली नसती.’

तिच्याशी मी बिदर येईपर्यंत वाद घातला, आणि खरं सांगायचं तर हरले. कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही सगळे गिऱ्हाईक म्हणजे एकटा माणूस असं धरून चाललो होतो. आमच्याकडं यंत्र एकटा माणूस घेत नाही.

बिलावर ‘हात: सोजरबाई बिरादार’ असं छापून यायला लागलं तशी संतपूरची माणसं एकेक करून आपलं नाव, आपला नंबर द्यायला आली. मावशीनं स्वतः त्यांना पाठवलं, कारण दिवसभर कंपनीचे संदेश येऊन तिचा फोन वाजत असायचा आणि ती वैतागली होती. मग शेजारच्या गावांतही बसूअण्णानं विचारलं, आणि प्रत्येक गावात एखादा असा हात निघाला. कुठं एखादा निवृत्त शिपाई, कुठं किराणा दुकानदार, कुठं अंगणवाडीची बाई. मार्केटिंगवाल्यांनी टोप्या वाटणं सोडून आधी या हातांना यंत्रं चालवून दाखवायला सुरुवात केली. तिन्ही चुलींचं पहिल्यांदा एका रकान्यावर एकमत झालं, असं मी माझ्या नोकरीत तेवढं एकदाच पाहिलं. साहेबांनी सेंटर बंद करायचा कागद मागं घेतला. याकूबमियांना हाताखाली आणखी एक मिस्त्री मिळाला. आता रविवारी ते घरी असतात, आणि बायको म्हणते, ते जास्त त्रासाचं आहे.

अडचणी संपल्या असं मुळीच नाही. सॉफ्टवेअर दरवर्षी बदलतं, आणि प्रत्येक नवं सॉफ्टवेअर आल्याबरोबर आधी काहीतरी पुसतं. ऋजुता अजून फोन करते. परवा म्हणाली, विदर्भातल्या शाखेचे आकडे विचित्र दिसतायत. मी म्हटलं, आकडे बघत बसू नकोस, तिकडचा सण कधी आहे ते विचार आणि जेवायला जा. ती गेलीसुद्धा. अशी मुलं आता या कामात आहेत, म्हणून मला पुढची काळजी वाटत नाही.

माझ्या शेवटच्या आठवड्यात सोजरमावशी हुमनाबादला आली. तिला स्वतःसाठी कोळपणीचं यंत्र घ्यायचं होतं. याकूबमियांनी चार यंत्रं काढून ठेवली, तिनं चारही चालू करायला लावली, एक निवडलं. बसूअण्णा बिल करायला बसला. मालक, सोजरबाई. मग त्यानं विचारलं, ‘हात कुनाचा टाकू मावशी? तुमचाच?’

‘येडा का काय? आपल्या हाताचा गुन आपल्याला लागत आसतोय व्हय? आजवर माझ्या भावाच्या हातनं घेत हुते. त्यो गेला लेकाकडं हैदराबादला.’ तिनं माझ्याकडं बोट केलं. ‘हिचं नाव टाक. सुजाता.’

‘मावशी, मी मानत नाही हे,’ मी म्हटलं.

‘तू कशाला मानायलीस? मी मानते की. माझा बंद पडलेला पंप चालू केलीस. अजून काय आसतंय हातगुन? चल, वढ दोरी.’

मी यंत्राची दोरी ओढली. चालू झालं नाही. परत ओढली. नाही. सगळं सेंटर बघत होतं. ‘अक्का, चोक,’ याकूबमिया हळूच म्हणाले. मी चोक सोडला, दोरी ओढली आणि इंजिन धडधडायला लागलं. बसूअण्णानं टाळ्या वाजवल्या. ‘अक्का, इकलात की एक मशीन!’ तो ओरडला. जाता जाता का होईना, माझं खातं उघडलं.

जाताना मावशी रिक्षातून म्हणाली, ‘मृगाला ये गावाकडं. पेरनीला.’

यंदा गेले. पेरणी आता ट्रॅक्टरनं होते, चाडं, तिफण काही राहिलं नाही. पण बियाण्याच्या डब्यात पहिली मूठ अजून हातानंच टाकतात. मावशीनं सोयाबीनचं टोपलं माझ्यापुढं धरलं. ट्रॅक्टरवाला थांबला होता, बांधावर माणसं होती. ज्या बाजूला आजी बसायची तिकडं माझी नजर गेली. हे सगळं मी मानत नाही, तरीही टोपल्यात हात घातला. मी मूठ भरली, इतकी की दोन दाणे बोटांतून निसटले.

‘सांडू नको माय,’ सोजरमावशी म्हणाली. ‘बी म्हाग झालंय.’